एलडीएच शिकायचंय? उतरता आलेख बघा

एम.एस्सी. करून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये येणाऱ्या मुलांना ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवण्याच्या, दहाही पायऱ्या तोंडपाठ असतात. पण शेवटी तयार झालेल्या पायरुवेटचं लॅक्टेट कशासाठी होतं, असं विचारलं की बहुतेक जण ‘ऑक्सिजन नसतो म्हणून’ एवढ्यावरच थांबतात. खरी निकड असते एनएडीची, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूची. सहाव्या पायरीवर इलेक्ट्रॉन घेऊन एनएडीचं एनएडीएच होतं, आणि पेशीतला साठा मुळात थोडाच. तो परत मिळाला नाही तर ग्लुकोज असूनही गाडं अडतं. लॅक्टेट डिहायड्रोजनेज, म्हणजे एलडीएच हे एन्झाइम, एनएडीएचकडचे इलेक्ट्रॉन पायरुवेटला देतं आणि एनएडी मोकळं करतं. तांबड्या पेशीत तर ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच नाहीत. अख्ख्या शरीराला ऑक्सिजन पोचवणारी ती पेशी स्वतः कायम याच वाटेवर जगते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे सगळं मला खऱ्या अर्थाने कळलं ते ३४० नॅनोमीटर तरंगलांबीला. तिथे एनएडीएच प्रकाश शोषतं, एनएडी शोषत नाही. पायरुवेट आणि एनएडीएच असलेल्या किटमध्ये सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, घातलं की स्क्रीनवरचा शोषणाचा आकडा हळूहळू उतरू लागतो. तो उतरण्याचा वेग म्हणजे एन्झाइमचं काम. ६२२० हा एनएडीएचचा शोषण-गुणांक घेऊन एन्झाइमची युनिट सुरुवातीला हातानेच काढा, अ‍ॅनालायझर काढून देत असला तरी. लॅक्टेटचं किट असेल तर उलट एनएडीएच तयार होतं आणि आलेख चढतो, तेव्हा किटचं पत्रक आधी वाचा.

आलेख सपाट आला म्हणून लगेच ‘एलडीएच कमी’ लिहू नका. पहिलंच रिडिंग फार खाली असेल, तर एन्झाइम इतकं जास्त असू शकतं की मोजायच्या आतच एनएडीएच संपलं. सॅम्पल डायल्यूट करून पुन्हा लावा.

त्याआधी ट्यूब उजेडात धरून बघायची. सिरमला गुलाबी झाक असेल तर तांबड्या पेशी फुटल्यात आणि त्यांच्यातल्या एलडीएचने आकडा फुगणार. सॅम्पल परत मागवा. नीट काढलेल्या दुसऱ्या सॅम्पललाही तीच झाक दिसली, तर पेशी रुग्णाच्या शरीरातच फुटत असतील. अशा वेळी डॉक्टरांना फोन करायचाच. आणि हे सिरम फ्रिजमध्ये ठेवू नका. यकृतात भरपूर असणारा एलडीएच-५ हा प्रकार थंडीत टिकत नाही.

हार्ट अटॅकसाठी आता ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतल्या प्रोटीनची तपासणी, मागवतात. एलडीएच येतं ते हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं), लिम्फोमा (लसिका संस्थेचा कॅन्सर), वृषणाच्या गाठी अशांसाठी. फॉर्मवरचं निदान वाचूनच रिपोर्ट सोडा.