कर्नल बदलल्यावर डिस्क गायब? फॉरमॅट करू नका

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधलं जुनं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं) असलेलं उबुंटू मशीन कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपडेट झाल्यावर ‘इनिटरॅमएफएस’ प्रॉम्प्टवर, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या छोट्या सिस्टीमवरच, अडकलं, तर तिथेच डिस्कांची यादी देणारी ‘बीएलकेआयडी’ कमांड चालवा. डिस्क दिसल्या तर ड्रायव्हर ठीक आहे, घोळ यूयूआयडीत, म्हणजे पार्टिशनच्या ओळख क्रमांकात, शोधा. काहीच नाही दिसलं, तर ड्रायव्हर लोडच झालेला नाही.

रीस्टार्ट करून ग्रब या बूट मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. ‘एलएसपीसीआय -के’ कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव सांगेल. तो डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बनवणारं साधन) बसवलेला असेल, तर नव्या कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइल्स) आहेत का ते बघा. बहुतेकदा तेच टाकायचे राहिलेले असतात. हेडर टाकून ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के’ द्या, पुढे नव्या कर्नलचा पूर्ण आवृत्ती क्रमांक. क्रमांक विसरलात तर मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, चालू कर्नलसाठीच बनतं, म्हणजे मेहनत पाण्यात. मग त्याच क्रमांकाने ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के’ देऊन बूटची इमेज नव्याने बनवा. त्याआधी ‘डीएफ -एच’ने बूट पार्टिशन भरलंय का पाहा, जागा संपली की इमेज अर्धवट राहते.

मॉड्यूल बनूनही नाकारलं जात असेल, तर सिक्युअर बूटवर संशय घ्या: सही नसलेलं मॉड्यूल तो आत घेत नाही. आणि नवा कर्नल दोनदा नीट सुरू होईपर्यंत जुने कर्नल काढून टाकणाऱ्या ‘ऑटोरिमूव्ह’ला हात लावू नका.