एडफूला उतरण्याआधी

नाईलच्या क्रूझवर एडफूचं होरस मंदिर बहुतेक वेळा भल्या सकाळी येतं, त्यामुळे तयारी आदल्या रात्रीच उरकायची. त्यातही बॅगेआधी गोष्ट. जेवणं झाली की मुलांना घेऊन डेकवर बसा आणि इजिप्तच्या जुन्या देवांची गोष्ट सांगा, की सेटने सख्ख्या भावाला, ओसायरिसला मारून राज्य बळकावलं आणि ओसायरिसच्या मुलाने, होरसने, मोठं होऊन काकाकडून ते परत घेतलं. एवढं कानावर पडलेलं असलं तरी पुरतं. मग मंदिरात गेल्यावर, त्याच्या भोवतीच्या तटाच्या पश्चिम भिंतीची आतली बाजू बघायला विसरू नका. तिथे होरस नावेत उभा राहून भाला मारतोय आणि सेट पाणघोडा झालाय. तो पाणघोडा अगदी पिटुकला कोरलाय. कोरलेलं चित्र जिवंत होऊ शकतं अशी श्रद्धा होती, म्हणून शत्रू लहानच ठेवायचा, असं मानतात. माझ्या मुलीने तो कुणी न दाखवता शोधला आणि पुढे चित्राचित्रात ती त्यालाच शोधत राहिली.

मोबाईलमध्ये या मंदिराचं एक जुनं चित्र आधीच उतरवून ठेवा. ते काढणारा डेव्हिड रॉबर्ट्स हा चित्रकार १८३८ मध्ये इथे आला, तेव्हा खांब जवळजवळ माथ्यापर्यंत वाळूत गाडलेले होते आणि छतावर गावाची घरं होती. १८६० च्या सुमारास ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने वाळू उपसायला घेतली. मंदिराच्या चौकात उभं राहून ते चित्र आणि समोरचे खांब एकदा ताडून बघा. इतकं धड राहिलेलं मंदिर इजिप्तमध्ये विरळाच, आणि त्याला कारण ती वाळू. इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालेलं काम इ.स.पू. ५७ मध्ये पुरं झालं, म्हणजे १८० वर्षं. आपल्याकडे अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी कोरली गेली, त्याच सुमाराचा हा काळ.

सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना आपल्याच शब्दांत सांगा: महाद्वार, चौक, सभामंडप, गाभारा आणि गाभाऱ्याभोवती फिरायला वाट. आत जाऊ तसं छत खाली येतं, उजेड कमी होतो. माझ्या आईने गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी नकळत चपला काढल्या. आतला काळ्या दगडाचा घडीव देव्हारा बघत ती हात जोडून बराच वेळ उभी राहिली. हा देव्हारा राजा दुसरा नेक्टानेबो याच्या काळचा, म्हणजे मंदिराहूनही जुना. मला विचाराल तर दारातल्या दगडी ससाण्यापाशी (होरसचंच ते रूप) फोटोला थांबूच नका. सगळ्या बोटींची माणसं एकदमच येतात. तुम्ही आधी थेट गाभारा गाठा, फोटो परतताना काढा.

बाकी नेहमीचंच: टोपी, पाणी, पुढून बंद बूट, खांदे-गुडघे झाकणारे सुती कपडे, गुडघ्यांच्या गोळ्या. डिसेंबर-जानेवारीत निघाल तर पहाटेसाठी शाल हवीच, नदीवरचा वारा बोचतो. तिकिटासाठी कार्ड जवळ ठेवा. परदेशात शिकणारं कुणी बरोबर असेल तर त्याचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र घ्या, तिकीट निम्म्यात येतं. बक्षिसीसाठी इजिप्शियन पौंडांच्या लहान नोटा वेगळ्या खिशात. कोपऱ्यातला राखणदार हाताने खूण करून काहीतरी दाखवतो, ते त्यासाठीच. बाजारातून जाताना 'इंडिया! अमिताभ बच्चन!' अशा हाका येतील. हसून पुढे चला, खरेदी परतताना.

धक्क्यापासून मंदिरापर्यंत घोडागाड्या नेतात. काही घोड्यांच्या फासळ्या मोजता येतात, पाठीवर जखमा असतात. मुलांना ते बघवत नाही आणि बघवू नयेच. बोटीवरच्या गाईडला रात्रीच सांगून मोटार ठरवा. घोडागाडीच घेतलीत तर जाऊन-येऊन आणि थांबण्याचे मिळून पैसे आधी बोला. तोच गाडीवाला परत आणतो, म्हणून नंबराचा फोटो काढून ठेवा.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाकडून पाठ करून घ्या, बोटीचं नाव. धक्क्याला चार-पाच बोटी एकीला एक लागून उभ्या असतात. आपण दुसऱ्यांच्या लॉबीतून वाट काढत किनाऱ्याला उतरतो, आणि परत येईपर्यंत त्यांची जागा बदललेली असू शकते. उतरताना मिळणारा पास मोठ्यांच्या पर्समध्ये न ठेवता ज्याचा त्याच्या गळ्यात अडकवा.