जुनी गाडी घेताय? इंजिन कुणाचं आहे ते आधी बघा : या चुका टाळा

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. काउंटरमागे उभं राहून बावीस वर्षं झाली. गाडीचं इंजिन बदललेलं आहे हे मालकाच्या आधी पुष्कळदा मला कळतं. मेस्त्री पार्ट परत घेऊन येतो, "हा बसत नाही" म्हणतो, मग आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, मागवायची, बॉनेट उघडायचं, नंबर वाचायचा, आणि मग मालकाचा चेहरा बघायचा. पाऊस लागल्यापासून चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, असे चार-पाच चेहरे दरवर्षी बघतो. चूक तीच, माणूस नवा.

इंजिन बदलणं हा काही गुन्हा नाही. इंजिन खलास झालं की दुसरं बसवतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर तशी नोंद करून घ्यायची, एवढंच. बिल आणि नोंद दोन्ही असलेली बदली इंजिनाची गाडी मी स्वतः डोळे मिटून घेईन. न सांगता बदललेलं इंजिन म्हणजे मात्र दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगणात.

नंबर कागदावर वाचणं

लोक काय करतात? आरसीवरचा इंजिन नंबर विम्याच्या कागदाशी ताडून बघतात आणि "जुळला" म्हणून खूश होतात. अरे, विम्यावरचा नंबर आरसीवरूनच उतरवलेला असतो, तो जुळणारच! मोबाईलवरच्या सरकारी ॲपची तीच गत. एक तर त्यात नंबराचे काही आकडे झाकलेले असतात, आणि दिसतात तेही सरकारदरबारी नोंदलेले. बॉनेटखाली काय बसलंय ते ॲपला कसं कळणार?

मालकी बदलतानाही हे सहसा पकडलं जात नाही. फॉर्म २९ आणि ३० भरतात, पेन्सिलचा ठसा घेतात तो चेसिस नंबराचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराचा. इंजिनाकडे कुणी वाकूनही बघत नाही. म्हणून परकं इंजिन दोन-तीन मालकांच्या हातून बिनबोभाट पुढे सरकतं आणि शेवटच्याच्या गळ्यात पडतं.

इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, कोरलेला असतो. बहुतेक मारुतींमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या बाजूला. तेल आणि धूळ मिळून त्यावर खरवसासारखा थर बसलेला असतो. रॉकेलात किंवा डिझेलात भिजवलेला फडका, जुना दातांचा ब्रश, टॉर्च. बस्स. तारेचा ब्रश नको आणि कानस तर मुळीच नको, उद्या तुम्हीच नंबर घासला म्हणतील. डोकं आत जात नसेल तर मोबाईल आत घालून फ्लॅश लावा, व्हिडिओ घ्या आणि बाहेर येऊन सावकाश वाचा. एकेक आकडा बोट ठेवून. सुरुवातीची अक्षरं इंजिनाचा प्रकार सांगतात. ती जुळली की लोक पुढचं वाचतच नाहीत, आणि खरी गंमत पुढच्या आकड्यांत असते. आजूबाजूचा ब्लॉक मळकट आणि नंबराचीच जागा चकचकीत दिसली, किंवा आकडे एका रेषेत नसले, तर बॉनेट बंद करा आणि घरी चला.

पाच मिनिटांचं काम आहे. पण सांगितलं की उत्तर येतं, "काका, माणूस ओळखीचा आहे." ओळखीचा माणूस ब्लॉकवर कोरलेला असतो का?

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे हा माणूस उगाच शहाणपणा शिकवतो असं वाटायला नको.

२०२३ ची चवथ १९ सप्टेंबरला होती. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, वाळपईचा. चवथीच्या आधी दारात गाडी हवी म्हणून हटून बसला होता. एका एजंटाकडे ऑगस्ट २००९ ची पेट्रोल वॅगन आर सापडली, १,४०,००० रुपयांना. मला बोलावलं तेव्हा दहा हजार टोकन देऊन झालं होतं. मी दुकान बंद करून पोचेपर्यंत साडेसात, वर पाऊस. इंजिन चालू करून ऑईलचं झाकण काढलं. धूर नाही, तोंडावर वाफसुद्धा नाही. मीटरवर १,२०,००० किलोमीटर. "मामा, कशी वाटते?" मी म्हटलं, "इंजिन एकदम मस्त आहे रे."

तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. चौदा वर्षांची गाडी, क्लच पेडल झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगचं कव्हर सोललेलं, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतायत, आणि इंजिन तेवढं तरुण? आजारी इंजिन सगळेच ओळखतात. गाडीच्या वयाला न शोभणारं निरोगी इंजिन दिसलं की थांबायचं असतं. मी थांबलो नाही. भिजत होतो, भूक लागली होती, आणि भाचा घाईत होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंधरा वर्षं भरली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तपासणीत साहेबांनी इंजिन नंबर दाखवायला सांगितला. याला जागाच माहीत नव्हती. शेवटी कुणीतरी फडका मारून दिला. सुरुवातीला एफ१०डी, आरसीवरही एफ१०डी. पुढचे आकडे वेगळे. फाईल परत.

दुसऱ्या दिवशी मी उजेडात गाडी बघितली. मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला तर वीतभर पट्ट्यावर पिवळट चिखलाची रेघ. पायाखालचं कार्पेट उचललं, वायरिंगच्या खाचेत बारीक तांबडा गाळ. मूळ मालक वाळपईच्याच सत्तरी तालुक्यातला निघाला. जुलै २०२१ च्या पुरात गाडी अंगणात बुडाली होती. पाणी ओसरल्यावर त्याने सरळ चावी फिरवली. सिलिंडरात गेलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. इंजिन गेलं. गॅरेजवाल्याने चोर्ला घाटातून बेळगावकडच्या भंगारातलं एका झेन एस्टिलोचं इंजिन आणून बसवलं. एस्टिलोतही तेच एफ१०डी इंजिन यायचं, त्यामुळे ते हातमोज्यासारखं बसलं. बिल नाही, नोंद नाही. मालक म्हणतो, एजंटाला सांगितलं होतं. एजंट म्हणतो, मला कुणी काही बोललं नाही.

तोंडी विचारणं

"इंजिनला काही केलंय का?" हा प्रश्न म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय. उत्तर येतं, "थोडं काम केलंय." गॅरेजच्या भाषेत 'काम' म्हणजे हेडचं पॅकिंग बदलण्यापासून अख्खं इंजिन बदलण्यापर्यंत काहीही. 'हाफ इंजिन टाकलंय' म्हटलं तर कान टवकारा, कारण नंबर ब्लॉकवर असतो आणि हाफ इंजिनात ब्लॉकच बदलतो.

मी व्हॉट्सॲपवर लिहून विचारतो : "गाडीचं इंजिन मूळचंच आहे का? इंजिन किंवा ब्लॉक कधी बदलला असल्यास वर्ष आणि बिल पाठवा. ब्लॉकवरचा नंबर आरसीप्रमाणेच आहे ना?" विकणारा लगेच "हो" लिहितो, किंवा फोन करून गोल गोल बोलतो. फोन आला की मी समजून जातो.

लिहून का? भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १७ सांगतं की नुसतं गप्प राहणं ही एरवी फसवणूक ठरत नाही. कलम १९ त्याच्याही पुढे जातं : साधी काळजी घेऊन तुम्हाला खरं कळू शकलं असतं, तर समोरचा गप्प राहिला एवढ्यावर व्यवहार मोडता येत नाही. बॉनेट तर तुमच्या समोर उघडं होतं! पण लेखी प्रश्नाला लेखी खोटं उत्तर मिळालं की ते गप्प राहणं उरत नाही. भाच्याकडे असं काहीच नव्हतं. होता तो गाडीला हार घातलेला फोटो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

गाडी बघायला येतोय असं सांगून जाणं आणि इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं मिळणं. बॉनेटवर हात ठेवा, गरम असेल तर चहा पिऊन या.

रात्री गाडी बघणं. वर लिहिलंच आहे, माझी लाज पुन्हा काढू नका.

कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास न मागणं. मालकाला बरोबर न्या, दहा मिनिटांत निघतो. मध्येच दोन वर्षं कोरी दिसली तर त्या दोन वर्षांत काय झालं ते विचारा.

काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची रेंट-अ-कॅब, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः चालवायची भाड्याची गाडी, नंतर खासगी झालेली असेल, तर मीटरवरचा आकडा म्हणजे एक कविता समजा.

एजंटाचा अधिकृतपणा न तपासणं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. मागा. "आपलं सगळं ओळखीवर चालतं" असं उत्तर आलं की तेही एक उत्तरच.

कळल्यावर केलेल्या चुका

पहिली आणि भयंकर : नंबर 'जुळवून' घेणं. भाच्यालाही एकाने सांगितलं, तीन हजारात आरसीवरचा नंबर ब्लॉकवर पंच करून देतो, कुणाला कळणार नाही. हा सरळ फौजदारी गुन्हा आहे. आतापर्यंत तुम्ही फसवले गेलेले असता, पंच मारला की फसवणारे होता. मी त्या दिवशी भाच्याला दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर झापलं.

दुसरी : "चालतेय ना, चालू दे." अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर नंबर बघतो आणि क्लेम तिथेच अडकतो. आणि ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलीस तुमच्याच दारात.

माझी पद्धत अशी : नंबराचे फोटो तारखेसकट काढायचे, विकणाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवायचं, आणि आरसीवरच्या मागच्या मालकांचा माग काढत उलटं चालत जायचं. डीलरकडून गाडी घेतली असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. शेजाऱ्याने स्वतःची गाडी विकली असेल तर तो दरवाजा बंद, मग दिवाणी दावा किंवा गावातली बैठक. नोंद करायला इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद लागतात, म्हणजे इंजिन चोरीचं नाही हे दाखवता येतं. भंगारवाल्याकडे हे मागायला गेलात तर तो आधी हसतो.

आमच्या बाबतीत एजंटाने हात वर केले. मूळ मालक मात्र सरळ माणूस. तो दोनदा घाट चढून बेळगावला गेला. दुसऱ्या खेपेला भंगारवाल्याच्या गठ्ठ्यात एस्टिलोच्या आरसीची झेरॉक्स सापडली, कोपरा उंदराने कुरतडलेला, पण नंबर शाबूत. त्यावरून बिल झालं, प्रतिज्ञापत्र झालं, नोव्हेंबरमध्ये आरसीवर नवा नंबर चढला आणि मगच नूतनीकरण. तोवर गाडी वाळपईला निळ्या ताडपत्रीखाली. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला आली, आणि गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीचं सगळं सामान, नारळ, सुपाऱ्या, केळ्यांचा घड, भाच्याने भाड्याच्या रिक्षातून आणलं. घड मांडीवर घेऊन.