लाइन इंटिग्रल आणि सर्क्युलेशन: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला ‘एम-थ्री’मध्ये (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) किंवा बी.एस्सी.च्या सदिश कलनात लाइन इंटिग्रल, म्हणजे एखाद्या वाटेवरून केलेले सदिश क्षेत्राचे संकलन, प्रथम समोर येते, तेव्हा बहुतेक वर्गांत त्याच्या पाठोपाठ ग्रीन आणि स्टोक्स यांची, बंद वाटेवरचे संकलन आतल्या प्रदेशावरच्या संकलनात बदलणारी, प्रमेयेही उरकली जातात. त्यामुळे बंद वक्र दिसला की लगेच कर्ल (क्षेत्र एखाद्या बिंदूभोवती किती फिरते याचे माप) काढायचा, अशी विद्यार्थ्यांच्या हाताला सवय लागते आणि वाटेवरून प्रत्यक्ष संकलन करण्याचा सराव राहून जातो. मी विद्युत अभियांत्रिकी शिकले, पुढे हाच विषय शिकवत आले, आणि त्यातून माझे ठाम मत झाले आहे की सुरुवातीला प्रमेयांना हात न लावता एकच क्षेत्र घ्यावे आणि ते वेगवेगळ्या वाटांनी हाताने सोडवावे.

मी त्यासाठी (−य, क्ष) हे क्षेत्र देते, म्हणजे (क्ष, य) या प्रत्येक बिंदूपाशी हा एक बाण. वहीत आठ-दहा बाण काढले की लक्षात येते की प्रत्येक बाण आरंभबिंदूपासूनच्या त्रिज्येला काटकोनात आहे आणि सारे बाण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत आहेत. आता (०, ०) पासून (१, १) पर्यंत जायचे. वाटेच्या प्रत्येक सूक्ष्म तुकड्यावर −य ला क्षमधील बदलाने आणि क्ष ला यमधील बदलाने गुणायचे आणि या सगळ्याची बेरीज करायची. सरळ कर्णावर क्ष आणि य सारखेच असल्याने दोन्ही पदे एकमेकांना खोडतात आणि उत्तर ० येते. आकृतीत पाहिले तर क्षेत्र तिथे वाटेला सर्वत्र लंबच आहे. य = क्ष² या अन्वस्तावरून गेल्यास यमधील बदल क्षमधील बदलाच्या २क्ष पट असतो, म्हणून संकलनासाठी −क्ष² + २क्ष², म्हणजे क्ष² उरते आणि उत्तर १/३ मिळते. आधी क्ष-अक्षावरून (१, ० पर्यंत) आणि मग सरळ वर गेल्यास पहिल्या टप्प्याचे काहीच येत नाही, दुसऱ्याचे १ येते.

टोके तीच असूनही उत्तरे ०, १/३ आणि १ अशी निघाली, यावर थोडे रेंगाळणे फार मोलाचे आहे. कर्ण आणि अन्वस्त यांच्यामधले क्षेत्रफळ १/६ आहे आणि उत्तरांतला फरक १/३. कर्ण आणि काटकोनी वाट यांच्यामधल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ १/२ आहे आणि फरक १. म्हणजे एका वाटेने जाऊन दुसरीने परत आले, तर त्या बंद फेरीचे सर्क्युलेशन, म्हणजे बंद वाटेवरचे लाइन इंटिग्रल, आत अडकलेल्या क्षेत्रफळाच्या बरोबर दुप्पट भरते, आणि ही ‘दुप्पट’ म्हणजेच या क्षेत्राचा कर्ल. हे स्वतःच्या गणितातून दिसल्यावर ग्रीनचे प्रमेय पाठ करावे लागत नाही. लगोलग (य, क्ष) हे क्षेत्र घेऊन त्याच तीन वाटा पुन्हा कराव्यात. प्रत्येक वेळी १ येईल, कारण ते क्ष × य या फलाचे ग्रेडियंट (क्ष आणि य नुसारच्या बदलाच्या दरांची जोडी) आहे आणि त्याला वाटेशी देणेघेणे नाही.

गणिताला हात घालण्यापूर्वी उत्तराचे चिन्ह आकृतीवरून ठरवून लिहून ठेवावे. उत्तरपत्रिका तपासताना मला सर्वाधिक गुण वक्राच्या दिशेत जाताना दिसतात, संकलनात नव्हे.

(स्टोक्सच्या नावाचे प्रमेय विल्यम थॉमसन यांनी १८५० मध्ये त्यांना पत्रातून कळवले होते आणि स्टोक्स यांनी ते १८५४ च्या केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिक परीक्षेत प्रश्न म्हणून घातले. त्या परीक्षेला बसलेल्यांत मॅक्सवेल होते.)

खरी कसोटी मात्र पुढच्या उदाहरणात आहे, आणि ते वगळून कोणी पुढे जाऊ नये असे मला मनापासून वाटते. सुरुवातीचे (−य, क्ष) हे क्षेत्र क्ष² + य² ने भागा. आरंभबिंदू सोडला तर त्याचा कर्ल सर्वत्र शून्य येतो, तरीही त्या बिंदूभोवती एक फेरी मारली की सर्क्युलेशन २π निघते. वर्तुळ लहान असो, मोठे असो वा वक्र वेडावाकडा असो. बिंदू फेरीच्या बाहेर राहिला तर शून्य. आरंभबिंदूपाशी क्षेत्राला किंमतच नाही, आणि आतला प्रदेश असा सच्छिद्र असेल तर स्टोक्सचे प्रमेय तिथे लागू पडत नाही.

हे केवळ कागदावरचे नाही. लांब सरळ वायरभोवतीचे चुंबकीय क्षेत्र वायरच्या बाहेर याच आकाराचे असते. वायरमधून ५ अँपिअर प्रवाह असेल तर २ सेंटीमीटरवर ते ५० मायक्रोटेस्ला भरते आणि ४ सेंटीमीटरवर २५. परीघ मात्र दुप्पट होतो, त्यामुळे दोन्ही वर्तुळांवर गुणाकार ६.२८ मायक्रोटेस्ला-मीटर एवढाच राहतो. अँपिअरचा नियम हेच सांगतो: बंद फेरीचे सर्क्युलेशन फक्त तिच्या आतून जाणाऱ्या प्रवाहावर ठरते.

प्रयोगशाळेतला टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती जबडा लावून प्रवाह मोजणारे उपकरण, याच आधारावर चालतो. १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर चालू करून फक्त फेजची वायर त्याच्या जबड्यात धरली, तर साधारण ४.३ अँपिअर दिसतात, आणि वायर मधोमध असो की कडेला, आकडा जवळजवळ हलत नाही. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरल्या तर शून्य दिसते, कारण आतून जाणारा एकूण प्रवाह शून्य आहे. तीच फेजची वायर जबड्यातून दोनदा ओवली की आकडा दुप्पट होतो; मी विद्यार्थ्यांना तो पाहण्याआधी उत्तर वहीत लिहायला लावते आणि मगच इस्त्रीचे बटण दाबू देते.