व्हायरल लोडच्या कामाला लागताना

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झाल्या झाल्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीचे उपचार होतात तिथं, लागणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न ठरलेले असतात. काम व्हायरल लोडचं, म्हणजे रक्तात हा विषाणू किती आहे ते मोजण्याचं. मशीन कुठलं, पगार किती, भीती वाटते का. भीतीचं आधी सांगते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालायचं नाही. तरी सुई टोचलीच तर बोट पिळत बसू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना गाठा. पीईपीच्या, म्हणजे लागण टाळण्याच्या, गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हव्यात, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग नसतो. पगारावर बोलण्यासारखं काही नाही. आणि मशीन? आपल्यातल्या बहुतेकांना ते दिसतही नाही, कारण सॅम्पल थंड पेटीत घालून दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेला जातं. आपल्या हातात असते ती जांभळ्या टोपणाची ट्यूब, आणि रिपोर्टाचं भलंबुरं बरंचसं तिथंच ठरतं.

ती ट्यूब जांभळीच का, हे कॉलेजात कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्यात ईडीटीए असतं, रक्त गोठू देत नाही. गोठू न देण्याचं काम हिरव्या टोपणातलं हेपॅरिनही करतं, पण ते पुढं पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणू मोजायच्या चाचणीत, अडथळा आणतं, म्हणून इथं चालत नाही. रक्त खुणेपर्यंत घ्यायचं आणि ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करायची. ताक घुसळल्यासारखी नाही. मग 24 तासांच्या आत सेंट्रिफ्यूजला लावून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढायचा. आपण मोजतोय तो विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, आणि आरएनए फार नाजूक. उशीर झाला तर तो तुटत जातो, आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो.

हे मी स्वतः चुकून शिकले. नवी असताना एका दुपारी वीज गेली, सेंट्रिफ्यूज बंद. मी शहाणपणा केला आणि ट्यूब तशाच फ्रीजरमध्ये ठेवल्या, टिकतील म्हणून. प्लाझ्मा गोठवतात, रक्त नाही. सकाळी पेशी फुटून सगळं लालभडक झालं होतं. त्यातलं एक सॅम्पल खानापूरच्या जंगलभागातल्या एका काकूंचं होतं. दिवसाला मोजक्या बस, वर पावसाळा. त्या आठवड्यानं परत आल्या, रोजगार बुडवून. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "असू दे की बाळ, पण या खेपेला नीट घे." तेव्हापासून रक्त काढल्याची वेळ मी ट्यूबवरच लिहिते, वहीत नाही.

दुसरी भानगड नावांची, आणि ती आपल्या बेळगावकडच्या मराठी-कन्नड सीमाभागाचीच. ज्ञानेश्वर आपण इंग्रजीत 'डी'नं लिहितो, कन्नड माध्यमातला सहकारी 'जे'नं. लक्ष्मीचं एक्सनं की केएसएचनं, यावर तर रोज वाद. एकाच माणसाचे दोन रिपोर्ट दोन नावांनी निघाले की गेल्या वर्षाशी तुलना कशी करायची? म्हणून नावावर विसंबू नका, एआरटी नंबर पेशंटच्या कार्डावरून बघून लिहा. कन्नड वाचायला मात्र शिकाच. मी मराठी माध्यमातली, पहिले सहा महिने परिपत्रकं शेजारणीकडून वाचून घेत होते.

आता आकडा. उत्तर 'एका मिलिलिटरमध्ये किती कॉपी', म्हणजे त्या आरएनएच्या किती प्रती, असं येतं. औषध सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, मग बाराव्यात, पुढं वर्षातून एकदा तपासतात. 1,000 किंवा जास्त आला तर लगेच औषध बदलत नाहीत. समुपदेशन वाढवतात, गोळ्या नियमित होतात का बघतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. नवे लोक 40 चे 120 झाले की घाबरतात. हा हिशोब दहाच्या पटीत बघायचा असतो: 1,000 म्हणजे तीन शून्यं, 3 लॉग, 1,00,000 म्हणजे 5. अर्ध्या लॉगपेक्षा, म्हणजे साधारण तिपटीपेक्षा कमी फरक हा चाचणीचा नेहमीचा हेलकावा असू शकतो. त्यातही इतक्या खालच्या आकड्यांत आणखी डळमळतं. '20 पेक्षा कमी' आणि 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' हेही एक नव्हे. पहिल्यात विषाणू सापडला पण मोजता आला नाही, दुसऱ्यात सापडलाच नाही. ही खालची मर्यादा काही यंत्रांवर 20, काहींवर 40.

रिपोर्ट समजावणं डॉक्टर-समुपदेशकांचं काम. पण रक्त देताना माणसं आपल्यालाच विचारतात. पूर्वी विचारायचे, "पेशी किती?" म्हणजे सीडी फोर, प्रतिकारशक्तीच्या पेशी. आता विचारतात, "व्हायरस किती?" इथं जीभ सांभाळा. 'दिसला नाही' हे ऐकणाऱ्याला 'गेला' असं ऐकू येतं. विषाणू शरीरातल्या काही पेशींत दडून असतो. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत वर येतो. पण भीती घालायच्या नादात चांगली बातमीही गिळू नका: गोळ्या रोज चालू आहेत आणि विषाणू सापडत नाही, अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आणि हे दाराशी, चार माणसांत बोलायचं नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं गुप्तता बंधनकारक आहे. कायदा नसता तरी, निपाणीचा माणूस गावात कुणी बघेल म्हणून कोल्हापूर गाठतो आणि चंदगडचा त्याच कारणानं बेळगावला येतो, हे डोळ्यांनी बघितलं की पुरे.

खानापूरच्या काकू पुढच्या वर्षी आल्या. विषाणू सापडला नव्हता, डॉक्टरांनी सांगितलंही होतं. तरी जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. "मग आता गोळी बंद की?"

"नाही काकू. गोळी आहे म्हणून तो दिसत नाही."

त्यांनी पिशवीत गोळ्यांची बाटली चाचपली, "मग पुढच्या वर्षी वीज असलेल्या दिवशी बोलव," म्हणाल्या आणि बसला पळाल्या.