हॅम-बीन्सचं सूप: राजमा कच्चा लावू नका, मीठ आधी घालू नका

जानेवारीत बर्फ पडायला लागलं की मला ठरावीक फोन येतात. “ताई, सकाळी सहाला लावलंय, आता संध्याकाळचे सात वाजले, दाणे अजून कचकचतायत.” किंवा, “काकू, सूप खारट झालंय, बटाटा टाकू का?” मी गेली बरीच वर्षं मिशिगनमध्ये राहते. इथल्या सॅगिनॉ खोऱ्यात आणि शेजारच्या ‘थंब’ भागात नेव्ही बीन्सची, म्हणजे राजम्याच्याच जातीच्या बारीक पांढऱ्या दाण्यांची, मोठी शेती आहे. ईस्टर किंवा ख्रिसमसचा हॅम (डुकराचं मुरवलेलं मांस) संपला की उरलेलं हाड आणि हे दाणे एका भांड्यात जायचे, ही इथल्या घरांची जुनी रीत. सूप साधं आहे, पण त्यात कशानंतर काय घालायचं याला फार महत्त्व आहे. आपली मुलं चुकतात ती नेमकी तिथंच, आणि बहुतेक वेळा घाईपायी.

सगळ्यात गंभीर चूक आधी सांगते, कारण तिच्यात तब्येतीचा प्रश्न आहे.

लाल राजमा कच्चाच स्लो कुकरमध्ये लावणं

ओळखीतला एक मुलगा शिकायला इकडे आला. खोलीत चौघं राहायचे. दुकानात नेव्ही बीन्स मिळाले नाहीत म्हणून त्याने लाल राजमा आणला, रात्री भिजवला, सकाळी हॅमच्या तुकड्यांसोबत स्लो कुकरमध्ये, म्हणजे तासन् तास मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, घातला, ‘लो’वर ठेवला आणि कॉलेजला गेला. संध्याकाळी दाणे जरा टणकच होते, पण भूक लागलेली, म्हणून तसेच खाल्ले. दोन तासांत तिघांना उलट्या सुरू झाल्या. रात्री अकराला मला फोन आला, “काकू, हॅम खराब होतं वाटतं.” मी पहिलं विचारलं, “राजमा उकळला होतास का?” पलीकडे शांतता.

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, पांढऱ्या राजम्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा माणसाला आजारी पाडायला पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. खळखळ उकळलं की ते नष्ट होतं. पण दाणे जेमतेम ८० अंश सेल्सिअसपर्यंतच तापले, तर त्यांचा विषारीपणा कच्च्या दाण्यापेक्षाही वाढू शकतो. स्लो कुकर ‘लो’वर तासन् तास उकळीच्या खालीच रेंगाळतो.

आपल्या घरांत हा धोका कुणाला माहीत नसतो, कारण आपण राजमा कुकरला लावतो. शिट्टी होते तेव्हा आत साधारण १२० अंश असतात, तिथं हे प्रथिन टिकत नाही. आपल्या आयांना याचा विचार करायची वेळच आली नाही. कुकर मागे राहिला आणि स्लो कुकर आला, की ते संरक्षणही मागे राहतं. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी प्रत्येकाला सांगते.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा सल्ला असा: किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात किमान ३० मिनिटं उकळा. लाल राजम्याला मी हाच नियम लावते आणि त्यानंतरच तो स्लो कुकरमध्ये घालते. नेव्ही बीन्समध्ये हे प्रथिन बरंच कमी असतं, तरी तेही मी १० मिनिटं गॅसवर खळखळ उकळून घेते. त्या १० मिनिटांचा कंटाळा करणाऱ्याने डब्यातले शिजवलेले दाणे आणावेत. चव थोडी कमी येईल, पण रात्र बाथरूममध्ये जाणार नाही.

दाणे शिजतच नाहीत

हा माझा स्वतःचा अनुभव आहे. इकडे आल्यावर दुसऱ्या वर्षी ईस्टरनंतर शेजारच्या आजींनी मला त्यांच्या हॅमचं हाड दिलं, भरपूर मांस लागलेलं. शनिवारी दहा माणसं जेवायला बोलावली. नेव्ही बीन्सची बरणी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात होती, आधीच्या भाडेकरूने ठेवून गेलेली, किती जुनी कोण जाणे. उसळीत टोमॅटो घालतो तसा इथंही घालावा असं वाटलं, म्हणून टोमॅटोचा एक डबा रिकामा केला. पाणी घरच्या विहिरीचं, इतकं जड की किटलीला आठवड्यात पांढरा थर धरायचा. सकाळी साडेपाचला लावलं.

संध्याकाळी पाचला मांस हाडापासून सुटून आलं होतं, घरभर धुराचा सुंदर वास होता आणि दाणे खड्यासारखे. ‘हाय’वर केलं. साडेसहाला पाहुणे आले. साडेआठला मी खिचडी टाकली. दुसऱ्या दिवशी आजी आल्या, एक दाणा दातांखाली धरला आणि विचारलं, “टोमॅटो कधी घातलास?”

त्या क्षणी मला माझी आजी आठवली. चिंच असो वा आमसूल, कडधान्य बोटचेपं झाल्याशिवाय ती उसळीत घालत नसे. कुणी घातलं तर ओरडायची. कारण तिला ठाऊक नव्हतं, पण नियम बरोबर होता. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. ते विरघळलं की दाणा मऊ होतो. आंबटपणात ते विरघळायला तयार नसतं. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधतं. आणि वर्षानुवर्षं उष्ण-दमट जागी पडलेल्या दाण्यात असे बदल होतात की तो पाणी पितो पण मऊ होत नाही. आपण अशा दाण्यांना गणंग म्हणतो. माझ्या भांड्यात तिन्ही कारणं एकत्र आली होती.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी सांगते. पाकिटावर मी खरेदीची तारीख लिहिते आणि वर्षापेक्षा जुने दाणे सूपाला वापरत नाही. ते कितीही चांगले दिसले तरी नाही. भिजवायला आणि शिजवायला गाळलेलं पाणी घेते. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घालते: ४५० ग्रॅम दाणे, दोन लिटर पाणी, दीड मोठा चमचा मीठ, रात्रभर. हे ऐकून लोक दचकतात, कारण मिठाने दाणे कडक होतात असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. भिजवताना उलटं होतं. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल नरम पडतं, दाणा फुटत नाही. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं आणि दाणे स्वच्छ धुवायचे, नाहीतर पुढचं सगळं बिघडेल.

ऐनवेळी दाणे अडलेच तर पाव चमचा खायचा सोडा. त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते आणि दाण्यांचा लगदा होतो. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू जे काही आंबट असेल ते दाणा जिभेने टाळूवर दाबून मोडला की मगच. मी शेवटी एक चमचा व्हिनेगर घालते, त्याने चरबीचा जडपणा कापला जातो.

रात्री भिजवायचं राहिलं तर दाणे पाण्यात २ मिनिटं उकळा, झाकून एक तास ठेवा, ते पाणी फेका. चालतं. रोजची सवय मात्र करू नका.

मीठ

हॅम म्हणजे मिठात मुरवलेलं मांस. त्याचं मीठ सूपात यायला चार-पाच तास लागतात. पहिल्या तासाला चव घेतली तर पाणचट लागणारच, आणि नवशिक्या माणसाचा हात तिथंच मिठाकडे जातो. वर सूपचा क्यूब टाकतात. तो तर बहुतांश मीठच. आठव्या तासाला ते सूप तोंडात धरवत नाही.

मी दाणे शिजेपर्यंत आणि हॅम सोलून परत घालेपर्यंत मिठाचा डबा ओट्यावर ठेवतच नाही. अमेरिकेच्या सिनेटच्या उपाहारगृहात हे सूप शंभरएक वर्षं रोज असतं. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये एक दिवस युद्धकाळाच्या रेशनिंगमुळे दाणे पुरले नाहीत आणि ते चुकलं, एवढी ती परंपरा. तिथल्या कृतीतही मीठ अगदी शेवटी, वाढायच्या आधी. साधारण ९०० ग्रॅम नेव्ही बीन्स, पावणेचार लिटर गरम पाणी, ६८० ग्रॅम धुरावलेला हॅम हॉक (डुकराच्या पायाचा हाडासकट तुकडा), लोण्यात परतलेला एक कांदा. शेवटी मीठ आणि मिरपूड, बाकी काही नाही. ज्यांना सूपात दहा मसाले घालायची घाई असते त्यांनी हे एकदा करून बघावं.

आता बटाट्याचं. बटाटा मीठ ओढून घेत नाही. तो खारट पाणी ओढतो, आणि उरलेलं पाणी तेवढंच खारट राहतं. सूप खारट झालंच तर एक वाटी दाणे बिनमिठाच्या पाण्यात वेगळे शिजवा, थोडे ठेचा, त्यात मिसळा. दोन माणसांचं जास्त होईल, पण खाता येईल.

हॅमऐवजी सँडविचचे काप

चौकोनी पाकिटातल्या गुलाबी कापांनी हे सूप होत नाही. हॉक म्हणजे डुकराच्या पायाचा घोट्याच्या वरचा भाग: कातडी, स्नायुबंध, हाड. त्यातलं कोलॅजन हळूहळू जिलेटिन होतं आणि सूपाला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. कापात ते नसतंच, दोन तासांत त्यांचा चोथा होतो. मांस शिजूनही गुलाबी दिसलं तर घाबरू नका. मुरवताना वापरलेल्या नायट्राइटमुळे तो रंग टिकतो. मधाचा लेप दिलेल्या हॅमचं हाड असेल तर लेप खरवडून काढा, नाहीतर सूप गोडूस लागतं. बाटलीतला धुराचा अर्क मी घरात आणत नाही.

भारतात असा हॉक सहज मिळत नाही, म्हणून पुण्या-मुंबईहून कुणी विचारलं तर मी सांगते की गोव्याची फेजुआद करा. तिथं दाण्यांबरोबर गोंयचो चोरिस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, असतो, आणि ती गोष्ट स्वतःच्या जागी श्रेष्ठ आहे. फक्त चोरिसात मीठही आहे आणि व्हिनेगरही. म्हणून दाणे आधी पूर्ण मऊ शिजवायचे, चोरिस नंतर.

लहानसहान

गॅसवरच्या कृतीतलं पाणी जसंच्या तसं स्लो कुकरमध्ये घालू नका. झाकणाखाली वाफ जिरते, पाणी आटत नाही. भिजवलेल्या ४५० ग्रॅम दाण्यांना मी दोन लिटरच्या आतच ठेवते.

दर अर्ध्या तासाने झाकण उघडणं थांबवा. प्रत्येक वेळी उष्णता जाते आणि भांडं ती सावकाश भरून काढतं.

गाजर आणि सेलेरी सुरुवातीला घातलं तर नऊ तासांनी त्यांचा मागमूस राहत नाही. कांदा लोण्यात परतूनच घाला. कच्चा कांदा स्लो कुकरमध्ये कच्चाच वास देतो.

आपलं तमालपत्र आणि इथल्या कृतीतलं ‘बे लीफ’ ही वेगवेगळ्या झाडांची पानं आहेत. आपल्या पानावर तीन उभ्या शिरा असतात आणि वास दालचिनी-लवंगेकडे जातो. ते घातलंत तर सूप पुलावासारखं लागतं. इथलं पान नसेल तर काहीच घालू नका.

दाटपणासाठी मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर नको. एक डाव दाणे काढून चमच्याच्या पाठीने चिरडा आणि परत घाला.

प्रेशर कुकर चालतो का, असं सगळे विचारतात. दाण्यांपुरता चालतो, पण त्यात दाणे फुटतात आणि हॉकला लागणारा वेळ त्याला मिळत नाही. घाई असेल तर दाणे कुकरला, हॉक वेगळा तीन तास मंद आचेवर, मग दोन्ही एकत्र अर्धा तास. एवढाही वेळ नसेल त्या दिवशी दुसरं काहीतरी करा.

उरलेलं सूप गरम भांड्यासकट फ्रिजमध्ये ढकलू नका, आणि रात्रभर ओट्यावर तर मुळीच ठेवू नका. एवढं दाट सूप मधोमध तासन् तास कोमट राहतं आणि त्यात जिवाणू वाढतात. मी ते उथळ डब्यांत ओतते आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी ते थलथलीत गोठलेलं दिसलं तर बिघडलं समजून फेकू नका, ते हॉकचं जिलेटिन आहे. अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर, तळ न लागू देता, उकळी येईपर्यंत गरम करा आणि मीठ पुन्हा एकदा चाखून बघा.