भेगाळलेलं वावर बोर्डावर: किती ठरवायचं, किती सोडायचं

उन्हाळ्यात विदर्भातली काळी माती तडकते, तशा भेगा चित्रात फेविकॉल आणि ॲक्रिलिक रंगाने पाडता येतात. भेगा कोणत्या भागात हव्यात, रुंद की बारीक, हे आपण ठरवायचं. त्या कशा फुटतील आणि कुठं वळतील, हे रंगावर सोडायचं.

ताणलेला कॅनव्हास नको. तो दबतो आणि थर सुटतो. १२ × १६ इंचांचा, ६ मिमी जाडीचा एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड) घेऊन जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या. मग भेगांतून डोकावणारा रंग लावा. पळसफुलाचा केशरी काळ्याखाली छान उठतो. रात्रभर वाळू द्या. धुऱ्याची, म्हणजे वावराच्या बांधाची, एक रेघ मास्किंग टेपने बांधून घ्या. तिच्या वर गोंद जाणार नाही.

टेपच्या खालच्या बाजूच्या भागात फेविकॉल पसरा. पातळ थराला केसासारख्या भेगा पडतात, दीड-दोन मिमीच्या थराला रुंद. खरी कसोटी इथंच आहे. बोट टेकवल्यावर गोंद चिकटला पाहिजे, पण बोटाला लागून येता कामा नये. ओला असताना रंग लावला तर दोन्ही मिसळून चिखल होतो. पूर्ण वाळल्यावर लावला तर भेगाच पडत नाहीत. मे महिन्यातल्या दुपारी वरची साय लगेच धरते आणि आतला गोंद ओलाच राहतो, म्हणून हे काम सकाळीच करा. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, भेगाही कमी पडतात.

वरचा रंग: काळ्यात थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), दाट दह्याइतका. रुंद ब्रशने एकाच फटक्यात लावा. ब्रश जिकडे ओढाल, भेगा बहुतेक तिकडेच धावतात. जाळं हवं असेल तर स्पंजने थोपटा. परत हात फिरवायचा मोह आवरा, नाहीतर उघडू लागलेली भेग बुजते.

वाळल्यावर बोर्ड उलटा धरून पाहा. सगळीकडे सारख्याच भेगा असतील तर चित्र फरशीसारखं दिसतं. अशा वेळी निम्म्याअधिक भेगा सपाट काळ्याने झाका. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. लावलेला रंग काढून घेणं हाही त्यांच्या कामाचा भाग होता. तेव्हा झाकायला, खरवडायला कचरू नका.

फेविकॉलला पाणी लागलं की तो पांढरा पडून मऊ होतो. म्हणून वॉर्निशचा पहिला हात स्प्रेने, तोही हलकाच द्या.